न्यूनगंड कोणाचा? यवतमाळचे पोड, तांडे आणि मराठीचा वर्ग

सेतुमाधवराव पगडी हे नाव मराठी वाचकाला परिचित आहे ते मराठ्यांच्या इतिहासाचे संशोधक म्हणून. फारसी साधनांवरचे त्यांचे काम, शिवकालावरचे लेखन आणि 'जीवनसेतू' हे आत्मचरित्र यांची नोंद वाङ्मयाचे अभ्यासक घेतात. १९५० साली त्यांनी कोलामी भाषेचे व्याकरण इंग्रजीतून प्रसिद्ध केले, ही नोंद मात्र सहसा कोणी करीत नाही. हैदराबाद संस्थानात मुलकी अधिकारी असताना आदिलाबादच्या डोंगराळ भागात गोंड आणि कोलाम यांच्याशी त्यांचा संबंध आला आणि त्यातून हे काम उभे राहिले. पाठोपाठ १९५५ मध्ये मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाचा कोलामीवरील ग्रंथ कॅलिफोर्निया विद्यापीठाने छापला. म्हणजे संयुक्त महाराष्ट्र अस्तित्वात येण्याच्या आधीच, पैनगंगेच्या दोन्ही काठांवर बोलल्या जाणाऱ्या या द्राविड भाषेची दोन व्याकरणे अभ्यासकांच्या हाती होती.

तरीही यवतमाळ जिल्ह्यातील कोलाम मूल शाळेत मागे का पडते, या प्रश्नाला गेली कित्येक दशके जे उत्तर शिक्षकांच्या खोलीत, परिसंवादांत आणि शोधनिबंधांत सर्वाधिक ऐकू येते, त्यात भाषेचे नाव क्वचितच असते. ते उत्तर एका शब्दाचे आहे: न्यूनगंड. आदिवासी मुलांत न्यूनगंड असतो, भटक्यांच्या मुलांत असतो, स्थलांतरित मजुरांच्या मुलांत असतो. तो दूर केला की मुले शिकू लागतील, असे मानले जाते. हा शब्द आम्हीही वापरलेला आहे. आमच्यापैकी काहींनी या जिल्ह्यात मराठी शिकवले आहे, आणि वर्गात गप्प बसलेल्या मुलाविषयी बोलताना हा शब्द किती सहज ओठांवर येतो हे आम्ही जाणतो. म्हणूनच त्याची तपासणी आम्हाला आवश्यक वाटते.

शब्दापासूनच सुरुवात करू. आल्फ्रेड आडलरच्या मानसशास्त्रातील कल्पनेसाठी मराठीने 'न्यूनगंड' हा प्रतिशब्द घडवला आणि तो इतका रुळला की त्याचे परकेपण उरले नाही. 'गंड' या शब्दाला गाठीचा, सुजेचा अर्थ आहे. गंडमाळ आपण ओळखतो. गाठ ही ज्याच्या अंगावर असते त्याचीच असते. तिचा उपचार त्याच्यावरच करायचा असतो. एखाद्या मुलाला न्यूनगंड आहे असे म्हटले की दोष त्या मुलाच्या आत ठेवला जातो आणि शाळा, पुस्तक, शिक्षक हे सारे आपोआप वैद्याच्या भूमिकेत जातात. प्रश्न असा की, इतिहास या निदानाला दुजोरा देतो काय?

आज ज्याला आपण यवतमाळ जिल्हा म्हणतो तो इंग्रजी अमलात १९०५ पर्यंत वणी जिल्हा, किंवा त्या काळच्या कागदपत्रांतला 'वून', म्हणून ओळखला जाई. वऱ्हाडच्या कापूसपट्ट्याचा हा डोंगराळ कोपरा. केळापूर, मारेगाव, झरी जामणी, घाटंजी, राळेगाव या बाजूला कोलाम आणि गोंड यांची वस्ती, तर पुसद, दिग्रस, दारव्हा, महागाव, उमरखेड या बाजूला बंजाऱ्यांचे तांडे. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील कोलामांची संख्या सुमारे १ लाख ९४ हजार भरली. शासनाच्या वर्गवारीत कातकरी आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कोलाम हा विशेष असुरक्षित समजला जाणारा आदिवासी समूह आहे. त्याच जनगणनेत साऱ्या देशात कोलामी ही मातृभाषा सांगणारे सुमारे १ लाख २८ हजार होते. आंध्र-तेलंगणातले कोलाम या हिशेबात धरले म्हणजे कळते की, कोलाम म्हणून मोजली गेलेली अनेक माणसे कोलामी बोलणारी म्हणून मोजली गेली नाहीत.

या तिन्ही समाजांना स्वतःसाठी स्वतःचे नाव आहे. कोलाम स्वतःला कोलवर म्हणवतात, गोंड कोइतूर म्हणवतात, बंजारे गोर म्हणवतात. गोरांच्या बोलीत तर तांड्याबाहेरच्या माणसासाठीही नाव आहे, तो कोर. यांपैकी एकही शब्द शाळेच्या हजेरीपटावर येत नाही. पटावर येतात ती इतरांनी दिलेली नावे आणि त्यांच्यापुढे सवलतीचा प्रवर्ग. ज्याला स्वतःचे नाव आहे आणि दुसऱ्यालाही नाव देण्याची ज्याच्या भाषेत सोय आहे, त्या समाजाला आत्मसन्मान नाही असे म्हणणे धाडसाचे आहे.

कोलामांच्या बाबतीत तर पुरावा अधिकच स्पष्ट आहे. आदिलाबादच्या गोंडांमध्ये दीर्घ काळ राहिलेले मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी नोंदवले आहे की, गोंड लोक कोलामांना 'पुजारी' म्हणत. डोंगराच्या मूळ दैवतांशी कोलामांचे नाते अधिक जुने, म्हणून त्या दैवतांची पूजा त्यांच्या हातून व्हावी असा संकेत होता. संख्येने आणि जमिनीने वरचढ असलेला समाज ज्याला पुजारी म्हणतो, त्याचा मुलगा पोडावरून आश्रमशाळेत पोहोचतो आणि तिथे त्याला न्यूनगंड असल्याचे आढळते. हा गंड त्याने वाटेत कुठून आणला?

हाच प्रश्न जगात इतरत्र वेगळ्या संदर्भात विचारला गेला आहे, आणि त्याचा प्रवास उद्बोधक आहे. अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या दांपत्याने १९४० च्या सुमारास कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवून त्यांची पसंती विचारली. बरीच मुले गोरी बाहुली चांगली म्हणत. १९५४ च्या ब्राउन खटल्यात, जिथे शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरला, या संशोधनाचा आधार घेतला गेला. तेव्हापासून अल्पसंख्य मूल म्हणजे खचलेला आत्मसन्मान हे समीकरण रूढ झाले. पण मॉरिस रोझेनबर्ग आणि रोबर्टा सिमन्स यांनी बाल्टिमोरच्या शाळांतील मुलांचा अभ्यास करून १९७१ मध्ये जे मांडले ते या समीकरणाला छेद देणारे होते: कृष्णवर्णीय मुलांचा आत्मसन्मान गोऱ्या मुलांहून कमी नव्हता. मूल आपली किंमत दूरच्या बहुसंख्य समाजाच्या नजरेतून ठरवीत नाही. आई, भावंडे, शेजारी, सवंगडी यांच्या नजरेतून ठरवते. २००३ मध्ये रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. आत्मसन्मान वाढवला म्हणून गुण वाढतात याला भक्कम आधार मिळत नाही. उलट चांगले जमू लागले की आत्मसन्मान वाढतो, याला थोडाफार मिळतो.

दुसरा धागा जॉन ओग्बू यांचा. १९७८ मधील त्यांच्या पुस्तकाच्या नावातच 'जात' हा शब्द आहे. आपल्या इच्छेने दुसऱ्या देशात गेलेले अल्पसंख्य आणि जिंकले गेल्यामुळे, गुलाम केले गेल्यामुळे किंवा जातीमुळे अल्पसंख्य झालेले, असा भेद त्यांनी पुढे मांडला. जपानमधील बुराकू समाजाचे उदाहरण त्यांनी दिले: जपानी शाळांत या समाजाची मुले मागे राहतात, अमेरिकेत गेलेल्या बुराकू कुटुंबांची मुले मात्र इतर जपानी मुलांसारखीच शिकतात. मुले तीच, भोवतालची नजर वेगळी. ओग्बूंवर पुढे पुष्कळ टीका झाली, कारण त्यांच्या मांडणीत शाळेला अंगचोरी करायला वाव राहतो. तरी हे उदाहरण विसरता येत नाही.

आता पुन्हा मराठीच्या वर्गात येऊ. कोलामीत, गोंडीप्रमाणेच, एकवचनी नामांचे दोन वर्ग पडतात: एका वर्गात पुरुष, दुसऱ्यात बाकीचे सारे, म्हणजे स्त्रिया, जनावरे आणि वस्तू. मराठीत तीन लिंगे, आणि तीही निर्जीव वस्तूंना चिकटलेली. नदी ती का, झाड ते का, डोंगर तो का, याला उत्तर नाही. ते पाळण्यात ऐकत शिकायचे असते. ज्याने ते पाळण्यात ऐकले नाही ते मूल 'कुत्रा आली' लिहिते, 'नदी भरलं' लिहिते. वर्ग हसतो. शिक्षक लाल शाई उचलतो. वास्तविक या चुकीमागे एक नियम आहे, आणि मूल तो काटेकोरपणे पाळत आहे. पगडींचे किंवा एमेनोंचे व्याकरण ज्याने चाळले आहे त्या शिक्षकाला ही चूक गोंधळ वाटणार नाही. तिच्यात त्याला एका भाषेतून दुसऱ्या भाषेत टाकलेले पाऊल दिसेल.

या मुलाची अडचण दुहेरी आहे, हेही लक्षात घेतले पाहिजे. पोडाबाहेर आठवडी बाजारात, शेतावर, बसथांब्यावर त्याने जी मराठी उचललेली असते ती वऱ्हाडी. पुस्तकातली मराठी तिसरीच. १९६७ मध्ये पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाले आणि 'बालभारती' घरोघर पोहोचली. त्या पुस्तकांनी महाराष्ट्राला एक समान भाषा दिली याविषयी दुमत नाही. पण केळापूरच्या पोडावरच्या मुलासाठी त्या समानतेचा अर्थ असा झाला की, मोठ्या कष्टाने कमावलेली दुसरी भाषाही अशुद्ध ठरली. घरचे चुकीचे आणि बाजारातलेही चुकीचे. अशा वेळी गप्प राहणे हा शहाणपणाचा निर्णय असतो. आम्ही त्या निर्णयाला गंड म्हणतो.

आश्रमशाळांचा इतिहास या पार्श्वभूमीवर पाहायला हवा. ठक्करबाप्पांनी १९२२ मध्ये भिल्ल सेवा मंडळ स्थापून जी वाट घातली तिच्यामागे निर्मळ करुणा होती. स्वातंत्र्यानंतर राज्य सरकारने ती वाट स्वीकारली. १९८३ मध्ये महाराष्ट्रात स्वतंत्र आदिवासी विकास विभाग झाला. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा आणि पुसद येथे प्रकल्प कार्यालये आली. विमुक्त आणि भटक्या जमातींसाठी वेगळ्या आश्रमशाळा निघाल्या. जिथे पाच-दहा मैलांत शाळा नव्हती तिथे राहण्याजेवण्यासह शाळा मिळाली, आणि आज या जिल्ह्यात शिक्षक, परिचारिका, वनरक्षक झालेल्या कितीतरी जणांची सुरुवात तिथूनच झाली. हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु या योजनेच्या मुळाशी एक गृहीत होते: मुलाला घरापासून दूर नेले तर ते शिकेल. रोझेनबर्ग म्हणतात त्याप्रमाणे मुलाची स्वतःविषयीची समजूत जर जवळच्या माणसांच्या नजरेवर उभी असेल, तर निवासी शाळा नेमका तोच आधार काढून घेते. मग त्या जागी दुसरा आधार देण्याची जबाबदारी शाळेवर येते. भात, गणवेश आणि गादी यांनी ती पुरी होत नाही.

दुसरा मार्ग शक्य होता काय? होता, आणि तो फार दूर नव्हता. १९४० मध्ये आदिलाबादच्या जोडेघाट परिसरात कोमराम भीम यांच्या नेतृत्वाखाली गोंडांनी जंगल-जमिनीसाठी उठाव केला आणि त्यात भीम मारले गेले. हादरलेल्या निजाम सरकारने कारणे शोधण्यासाठी हायमेनडॉर्फ यांना पाठवले. त्यांच्या पुढाकाराने १९४३ मध्ये उटनूर भागातील मारलवाई या गावी गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले. त्यासाठी गोंडी भाषेत वाचनपाठ तयार झाले आणि त्यांना लिपी निवडली गेली ती देवनागरी. शिक्षक गोंड, पहिले पुस्तक गोंडी, आणि त्यातून पुढे राज्यव्यवहाराच्या भाषेकडे जायचे, असा क्रम होता. त्या केंद्रातून शिकलेल्या तरुणांपैकी काही शिक्षक झाले, काही सरकारी नोकरीत गेले. ज्यांच्या गावात तोवर अक्षर शिरले नव्हते त्यांच्याकडून हे घडले. त्यांचा न्यूनगंड आधी कोणी काढला नव्हता. त्यांना समजेल अशा भाषेत, त्यांच्याच माणसाकडून शिकवले गेले, एवढेच.

हा प्रयोग टिकला नाही. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचना झाली. किनवट नांदेडकडे आले, आदिलाबादचा बराचसा भाग आंध्रात गेला. शाळेची भाषा तेलुगू झाली आणि गोंडी पुस्तके मागे पडली. अलीकडच्या काठावर ती भाषा मराठी होती. भाषावार राज्यांचा लढा आम्ही अभिमानाने सांगतो, आणि सांगायलाही हवा. पण त्या रचनेत ज्यांच्या भाषेला राज्य मिळाले नाही त्यांची मुले दोन्ही काठांवर एकाच वर्षी परकी झाली, हे त्या इतिहासाचे न लिहिलेले पान आहे. त्याच १९५६ मध्ये घटनेत ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे ते सांगते. कोलामी, गोंडी आणि गोरबोली या तिन्ही आजही आठव्या अनुसूचीबाहेर आहेत. २०१९ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील मोहगावच्या ग्रामसभेने स्वतःच्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा काढली, तेव्हा पुढे शासकीय मान्यतेचा प्रश्न उभा राहिला.

बंजारा समाजाचे उदाहरण इथे मुद्दाम घ्यायला हवे, कारण ते वरवर पाहता आमच्या म्हणण्याच्या विरोधात जाते. त्यांचीही बोली पुस्तकाबाहेर राहिली. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहणारा हा समाज रेल्वे आणि सडका आल्यावर व्यवसायाला मुकला. वसाहतकाळात अनेक ठिकाणी त्याच्यावर संशयाचा शिक्का बसला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण 'विमुक्त' हा प्रवर्ग त्या शिक्क्याची आठवण घेऊनच आला. तरी याच जिल्ह्यातील पुसदजवळच्या गहुलीच्या तांड्यातून आलेले वसंतराव नाईक वकील झाले, १९४६ मध्ये पुसदचे नगराध्यक्ष झाले आणि ५ डिसेंबर १९६३ पासून अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिले. त्याच गावचे सुधाकरराव नाईक १९९१ मध्ये मुख्यमंत्री झाले.

मग भाषेचा, नजरेचा मुद्दा खोटा ठरतो काय? आम्हाला तसे वाटत नाही. वसंतराव तांड्याच्या नायकाच्या घरातले होते. घराला जमीन होती, शब्दाला वजन होते, आणि शिकलेल्या मुलाला परतून येण्यासाठी जागा होती. शाळेने जे दिले नाही ते मागे भक्कमपणे उभे होते. ज्याच्या मागे ते नाही त्या तांड्यावरच्या मुलाची कथा वेगळी आहे. दिवाळीच्या आगेमागे आई-बाप ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जातात; मूल बरोबर गेले तर वर्ष बुडते, मागे राहिले तर आजीच्या भरवशावर किंवा हंगामी वसतिगृहात राहते. २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू आहे आणि पटावर त्याचे नाव असते. मार्चमध्ये ते परत येते तेव्हा वर्ग अपूर्णांकांवरून टक्केवारीवर गेलेला असतो. त्याला विचारले तर ते मान खाली घालते. हाही न्यूनगंड म्हणून नोंदवला जातो.

मराठी साहित्याला हे सारे ठाऊक नाही असे नाही. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये आले, लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ मध्ये, आत्माराम राठोड यांचे 'तांडा' त्यानंतर. भुजंग मेश्राम यांच्या 'उलगुलान'ने आदिवासी शब्दांना मराठी कवितेत हक्काची जागा दिली. ही पुस्तके आम्ही पदव्युत्तर वर्गाला शिकवतो, त्यांवर प्रश्नपत्रिका काढतो, 'अस्मितेचा शोध' असे शीर्षक देऊन शोधनिबंध वाचतो. पण या आत्मकथनांकडे लक्ष देऊन पाहिले तर त्यांत स्वतःला हीन समजणारे मूल फारसे भेटत नाही. भेटते ते संतापलेले, लाजवलेले, उपाशी आणि कमालीचे निरीक्षण करणारे मूल. त्याला आपली किंमत ठाऊक असते. ती वर्गात चालत नाही हेही ठाऊक असते. या दोन गोष्टींमधले अंतर हा त्या लेखनाचा खरा विषय आहे, आणि 'न्यूनगंड' हा शब्द नेमके तेच अंतर पुसून टाकतो.

हे केवळ साहित्यातून काढलेले अनुमान नाही. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांमध्ये शाळकरी मुलांना कागदावरची कोडी सोडवायला दिली. त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. जात उघड केली नव्हती तेव्हा वरच्या आणि खालच्या मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांच्या कामगिरीत लक्षणीय फरक नव्हता. मुलांची नावे आणि जात सर्वांसमक्ष पुकारल्यावर खालच्या मानलेल्या जातीच्या मुलांची कामगिरी घसरली. काही क्षणांत कोणाच्या अंगावर गाठ उगवत नाही. बदलली होती ती खोलीतली हवा, आणि ती बदलली एका पुकाऱ्याने.

शिष्यवृत्तीचे अर्ज वर्गात वाचून दाखवताना प्रवर्ग मोठ्याने उच्चारणारे आम्हीच आहोत. 'तुमच्यासाठी सोपे करून सांगतो' असे म्हणणारेही आम्हीच. हे सारे सद्भावनेने घडते, म्हणून त्याकडे लक्ष जात नाही. आणि उपाय सुचवायची वेळ येते तेव्हा आम्ही व्यक्तिमत्त्व विकासाचे शिबिर भरवतो, मुलांना 'मी करू शकतो' असे म्हणायला लावतो. ज्याला कोलामीत सारे करता येते त्याला मराठीत तसे म्हणायला लावून काय साधते?

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. यवतमाळच्या पोडावरून आणि तांड्यावरून येणाऱ्या मुलाजवळ आत्मसन्मान असतो. त्याच्या समाजाने तो त्याला नावासकट दिलेला असतो. शाळेत तो कमी पडत नाही, तर कामाला येत नाही, कारण तो ज्या भाषेत, ज्या नात्यांत साठवलेला आहे त्यांना वर्गात प्रवेश नाही. हा प्रवेश मिळवून देणे हे बऱ्याच अंशी शासनाचे काम आहे, आणि मारलवाईचा अनुभव सांगतो की शासनाचे मन बदलले की ते कामही बंद पडते. म्हणून ते केवळ शासनावर सोडणे आम्हाला योग्य वाटत नाही. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या मराठी विभागांना कोलामी-मराठी शब्दसंग्रह करता येईल, अध्यापक विद्यालयातील विद्यार्थ्यांना कोलामीचा लिंगविचार एका तासात समजावून सांगता येईल, पोडावरच्या एखाद्या वृद्धाला वर्गात बोलावून त्याला पाहुण्याची खुर्ची देता येईल.

पगडींनी हातातले सरकारी काम सांभाळून एका लहान भाषेचे व्याकरण लिहिले. ते वाचण्याइतका वेळ मराठीच्या शिक्षकाला काढता यावा. त्यानंतर 'कुत्रा आली' हे वाक्य समोर आले, तर लाल शाईची रेघ ओढण्याआधी त्या मुलाला एवढे विचारता येईल: तुझ्या भाषेत हे कसे म्हणतात? उत्तर आले तर ते फळ्यावर लिहावे. देवनागरीत ते नीट लिहिता येते. १९४३ मध्ये मारलवाईला गोंडी अशीच लिहिली गेली होती.